वजन वाढवण्याची घाई नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावातही जिममध्ये नव्या मुलांची गर्दी होते आणि शिवरात्र येईपर्यंत त्यांतले बरेचसे चेहरे दिसेनासे होतात. चौतीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केलेल्या आणि गेली सहा वर्षे स्वतः वजने उचलणाऱ्या मला या गळतीचे वाईट वाटतेच. परंतु हे पत्र मला लिहायला लावले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुखण्याने. वय एकोणीस, घरची चार एकर कोरडवाहू शेती, पोलीस भरतीची तयारी. जिमला जाऊ लागल्याच्या तिसऱ्याच आठवड्यात शेजारच्या मुलाच्या बरोबरीने त्याने डेडलिफ्टसाठी, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्यासाठी, बारला (लोखंडी दांड्याला) नव्वद किलो लावले, कमरेत वाकून ते ओढले, आणि पुढे दोन महिने त्याला धड बसता येईना. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असे ५० गुणांचे प्रकार असतात. दीड वर्ष पहाटे उठून रस्त्यावर पळालेला तो मुलगा त्या चाचणीला उभाही राहू शकला नाही. त्या तीन आठवड्यांत बारला हात कसा घालावा एवढेसुद्धा त्याला कोणी दाखवले नव्हते.

नवशिक्याच्या शरीरात सुरुवातीच्या काळात काय घडते हे नीट समजून घेतले तर अशी दुखणी मोठ्या प्रमाणात टळतील, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. पहिल्या महिना-दीड महिन्यात उचलले जाणारे वजन भराभर वाढते. पहिल्या दिवशी जड वाटलेला बार तिसऱ्या आठवड्यात हलका वाटतो आणि मुलाला वाटते, आपले स्नायू वाढले. वास्तविक त्या काळात स्नायूंची जाडी फारशी वाढलेली नसते. आहेत त्याच स्नायूंचा अधिक भाग एकाच वेळी कामाला लावण्याचे कसब मेंदूने आणि मज्जातंतूंनी आत्मसात केलेले असते. स्नायू डोळ्यांना दिसतील इतके भरायला काही महिने लागतात, आणि स्नायूंना हाडांशी बांधून ठेवणाऱ्या कंडरा व सांध्यांतले अस्थिबंध यांना बळकट व्हायला त्याहूनही अधिक काळ लागतो, कारण त्यांचा रक्तपुरवठा स्नायूंच्या मानाने तुटपुंजा असतो. म्हणजे ज्या दिवशी मुलाला ‘आता जमतंय’ असे वाटू लागते, त्या दिवशी त्याचा खांदा, कोपर आणि कंबर अजून तयारीत मागेच असतात. नवशिक्यांच्या पुष्कळ दुखापती नेमक्या या तफावतीतून होतात, आणि ही तफावत भरून निघायला वेळ देण्यावाचून दुसरा उपाय नाही.

म्हणून सुरुवात रिकाम्या बारने करावी. जिममधला लांब बार साधारणपणे २० किलोचा असतो. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्त्रियांसाठी १५ किलोचा बार वापरतात. ज्यांना तोही जड वाटेल त्यांनी लाकडी काठीवर किंवा दोन-तीन किलोंच्या डंबेलवर हालचाल बसवावी, त्यात कमीपणा मानू नये. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, पाऊण ते एक तास पुरेसा होतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी दंड अशी वाटणी पाहून नवी मुले सहाही दिवस जातात; ती वाटणी कित्येक वर्षे व्यायाम केलेल्यांसाठी ठीक असेल, नवशिक्याने मात्र प्रत्येक वेळी सगळ्या अंगाचा थोडा थोडा व्यायाम करावा, कारण एखादी हालचाल आठवड्यातून एकदाच करून ती अंगवळणी पडत नाही. बारसह बैठक म्हणजे स्क्वॉट, जमिनीवरून वजन उचलण्याची डेडलिफ्ट, छातीवरून ढकलण्याची बेंच प्रेस किंवा तिच्याऐवजी आपले जोर, उभ्याने डोक्यावर वजन नेणे आणि ओणवे होऊन वजन पोटाकडे ओढणे, एवढ्या पाच प्रकारांत जवळजवळ सगळे शरीर येते. प्रत्येक प्रकाराचे दोन ते तीन सेट, म्हणजे न थांबता केलेल्या फेऱ्या, प्रत्येक सेटमध्ये तीच हालचाल आठ-दहा वेळा, म्हणजे आठ-दहा आवर्तने, आणि सेट संपताना अजून दोन-तीन सहज झाली असती असे वाटायला हवे. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटे मोबाईल न बघता श्वास स्थिर होऊ द्यावा.

वजन वाढवण्याचा नियमही साधा आहे. ठरलेली सर्व आवर्तने हालचाल न बिघडता पूर्ण झाली तरच पुढच्या वेळी बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट म्हणजे वजनाची चकती लावावी, म्हणजे एकूण अडीच किलो वाढतात. सव्वा किलोच्या प्लेट आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये नसतात, ही मोठी उणीव आहे. मालकांनी लाखांची यंत्रे आणण्याआधी या प्लेटच्या दोन जोड्या आणाव्यात अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. तोवर आठ आवर्तनांची बारा होईपर्यंत त्याच वजनावर राहावे आणि मगच पुढची प्लेट लावावी. तारीख, वजन आणि आवर्तने लिहायला एक साधी दोनशे पानी वही ठेवावी. मी माझी वही पहिल्या दिवसापासून ठेवली आहे, आणि स्वतःविषयीच्या आठवणी किती चुकीच्या असतात हे तिनेच मला दाखवून दिले.

डेडलिफ्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागात तिचा उपयोग जिमपुरता मर्यादित नाही. युरियाची गोणी ४५ किलोंची असते, सिमेंटची ५० किलोंची. मोंढ्यातले हमाल, अडत दुकानातले मापाडी, सोयाबीनच्या राशीवरून पोती ट्रॅक्टरमध्ये टाकणारे शेतकरी रोज अशी वजने उचलतात आणि पन्नाशीच्या आत कमरेला पट्टा बांधून फिरू लागतात. पोते असो वा बार, ओझे पायाच्या जितके जवळ तितका कमरेवरचा ताण कमी. बार पावलाच्या मध्यावर, नडगीला जवळजवळ टेकलेला हवा. गुडघे किंचित वाकवून नितंब मागे ढकलायचे, मागे भिंत असून तिला टेकायचे आहे अशी कल्पना करायची; पाठ मात्र फळीसारखी एका रेषेत ठेवायची. नंतर पोटात श्वास भरून पोट कडक करायचे आणि पायांनी जमीन खाली दाबत उभे राहायचे. बार वर येताना आणि खाली ठेवताना मांडी-नडगीपासून दूर जाता कामा नये. ही हालचाल बसवण्यासाठी मी विद्यार्थ्यांकडून काठीचा सराव करून घेत असे. काठी पाठीवर उभी धरायची आणि वाकताना ती डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकलेली राहील असे पाहायचे. एका जागी जरी काठी सुटली तरी पाठ गोल झाली असे समजावे. दोन आठवडे रोज वीस वेळा हे केले तर बारवर हात ठेवण्याआधीच निम्मे शिक्षण झालेले असते. सबंध आयुष्य पोती उचलण्यात घालवणाऱ्या माणसाला हे पंधरा मिनिटांचे शिक्षण कोणी देत नाही, याची मला फार खंत वाटते.

स्क्वॉटच्या बाबतीत आपली माणसे सुदैवी आहेत. खुरपणीला, शेकोटीला, अंगणात गप्पा मारताना उकिडवे बसण्याची सवय ज्यांची टिकली आहे त्यांचे घोटे आणि खुबे मोकळे असतात. त्यांना खोल बैठक सहज जमते. ज्यांची ही सवय खुर्ची आणि दुचाकीमुळे मोडली आहे त्यांनी आधी रिकाम्या हाती, खांबाला धरून, रोज थोडा वेळ उकिडवे बसण्याचा सराव करावा. टाच उचलली जाऊ नये आणि गुडघे आत न झुकता पायाच्या बोटांच्या दिशेने जावेत, एवढी दोन पथ्ये पाळली तरी पुष्कळ झाले. पळण्याच्या बुटांची मऊ, फुगीर टाच वजनाखाली दबते आणि तोल जातो. त्यापेक्षा सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट बरे. बेंच प्रेस एकट्याने करू नये. बार छातीवर अडकला तर उचलायला डोक्याशी कोणी उभे असावे आणि अंगठा नेहमी बारभोवती गुंडाळलेला असावा, कारण अंगठा मोकळा ठेवून धरलेला बार घामट हातातून निसटून थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो.

घाईविषयी बोलताना आमच्या जुन्या तालमींची आठवण येते. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी लाल मातीत उतरवत नसत. आधी माती उकरायला, पाणी शिंपायला लावत, मग दहा जोर, वीस बैठका, आणि हा आकडा महिन्यामहिन्याने वाढत जाई. त्या शिस्तीतच लातूर जिल्ह्याने १९६९चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार दिले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारे याने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले, तेही लहानपणापासूनच्या वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर. वेटलिफ्टिंगचे उदाहरण द्यायचे तर सांगलीच्या संकेत सरगर याने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक जिंकले, आणि त्याच स्पर्धेत क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे वजन आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या, प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली. वर्षांनुवर्षे तरबेज झालेल्या, प्रशिक्षकांच्या नजरेखाली वाढलेल्या खेळाडूचे शरीरसुद्धा ताकदीच्या टोकाशी असे धोक्यात येते. ज्याला पदक जिंकायचे नाही त्याने ‘माझे जास्तीत जास्त किती निघते’ हे पाहण्याच्या फंदात निदान पहिले वर्षभर पडू नये.

माझा स्वतःचा प्रारंभही चुकीचाच झाला होता. निवृत्तीच्या वर्षी तपासणीत मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर चालणे आणि वजनांचा व्यायाम दोन्ही सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तेव्हा माझ्यासारख्यांची संख्या काही थोडीथोडकी नाही. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. म्हणून स्नायू जितके जास्त आणि जितके कामात, तितकी साखर आटोक्यात राहायला मदत होते. ही गोष्ट मी मुलांना शिकवली होती, स्वतः अमलात आणली नव्हती. ज्या जिममध्ये मी नाव घातले तिथल्या तरुण प्रशिक्षकाने माझे वय, आजार काहीही न विचारता पहिल्याच दिवशी तासाभरात पायांचे सात प्रकार करून घेतले. पुढचे चार दिवस मला जिना उतरता आला नाही. त्यानंतर मी दुसरीकडे गेलो, रिकाम्या बारने पुन्हा सुरुवात केली आणि ४० किलोंच्या बैठकीपर्यंत यायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत एकही दिवस दुखण्यामुळे चुकला नाही, आणि वर्षअखेरीस डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाच्या वेळी साखर एकदम खाली जाऊ शकते हे लक्षात ठेवून डॉक्टरांशी आधी बोलावे आणि खिशात गूळ किंवा साखर बाळगावी. रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखून धरू नये, कारण त्या क्षणी रक्तदाब खूप चढतो. वर ढकलताना श्वास सोडत राहावा. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे यांतले काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

दुखण्यादुखण्यातला फरकही नवशिक्याला कळायला हवा. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणे, आखडणे हे स्वाभाविक असते आणि तीन-चार दिवसांत ओसरते. सांध्यात टोचणारी कळ, एकाच बाजूला दुखणे, पायात उतरणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा ही वेगळी लक्षणे असून त्यांवर बाम चोळून पुन्हा वजन उचलणे घातक ठरते. अतिरेकी व्यायामानंतर स्नायू अतिशय सुजून लघवी गडद तपकिरी होऊ लागली तर स्नायूंचे तुटलेले घटक मूत्रपिंडावर ताण देत असतात. त्या स्थितीत एक दिवसही न थांबता रुग्णालयात जावे. आमच्याकडे मार्च संपता संपता उन्हे चाळिशी गाठतात आणि पत्र्याच्या शेडमधल्या जिम दुपारनंतर भट्टीसारख्या तापतात. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत व्यायाम उरकावा, पाण्याबरोबर मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत घ्यावे आणि वजन वाढवण्याचा हट्ट मृगापर्यंत बाजूला ठेवावा.

आहाराविषयी मुलांच्या मनात सर्वांत जास्त गोंधळ पावडरीच्या डब्यांनी केला आहे. महिन्याला तीन-चार हजारांचा डबा घेण्यासाठी घरी भांडणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्याच घराच्या पडवीत सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची पोती रचलेली असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. नियमित वजने उचलणाऱ्याने ती १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत न्यावीत. साठ किलोंच्या मुलासाठी ही ७२ ते ९६ ग्रॅम होतात. हा हिशेब घरच्या ताटात कसा बसतो ते पाहावे. ज्वारीच्या तीन मध्यम भाकरींतून १५ ते १८ ग्रॅम, पन्नास ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ११, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांच्या भाजीतून २५च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांतून किंवा त्यांच्या चटणीतून ७, मोठ्या पेलाभर दुधातून ८, आणि खात असतील तर दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात. एकूण ऐंशीच्या जवळ जाते, आणि हे सारे आपल्याच शिवारात पिकते. ज्वारी व डाळ एकत्र खाल्ल्याने एकातल्या प्रथिनांची उणीव दुसऱ्याने भरून निघते. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नसले तरी वरण-भाकरीची जोडी त्यांनी सोडली नाही. सोयाबीन मात्र कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नये, त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते शिजवल्यानेच निष्प्रभ होतात. एवढे करूनही कोणाला पावडर घ्यावीशी वाटली तर ती आहाराची भर म्हणून घ्यावी, डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावे, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकी वडापाव, थंड पेये, गुटखा आणि रात्रीची दारू तशीच चालू ठेवून व्यायामाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

याहून गंभीर बाब इंजेक्शनांची आहे, आणि ती मी स्पष्ट लिहितो. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइन हे औषध व्यायामापूर्वी ‘जोर यावा’ म्हणून टोचून घेण्याचा प्रकार राज्यात फोफावला आहे आणि पोलिसांनी व औषध प्रशासनाने त्यावर ठिकठिकाणी कारवाई केलेली आहे. निरोगी तरुणाच्या शरीरात हे औषध हृदयाचे ठोके आणि रक्तदाब धोक्याच्या पातळीवर नेते आणि त्याची चटक लागते. स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडचा धोका निराळा. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवते; वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, केस गळतात, यकृत आणि हृदय यांवर परिणाम होतो. तीन महिन्यांत दंड फुगलेला मुलगा पाहून घरच्यांनी कौतुक करण्याआधी त्याच्या खोलीत काय आहे ते पाहावे. रागावून हा प्रश्न सुटत नाही. त्याला डॉक्टरकडे नेऊन रक्ततपासणी करून घ्यावी.

झोपेबाबत शहरी सल्ले आमच्याकडे अपुरे पडतात. प्रौढाने सात-आठ तास झोपावे हे खरे, कारण व्यायामात झिजलेल्या स्नायूंची दुरुस्ती मुख्यतः विश्रांतीच्या काळात होते. परंतु शेतीला वीज रात्रीच्या पाळीत असली की घरातला तरुण मुलगा रात्री दोनला मोटार चालू करायला शिवारात जातो, आणि सकाळी सहाला जिममध्ये उभा राहतो. अशा आठवड्यात त्याने वजन कमी करावे किंवा एक दिवस सोडून द्यावा. जागरणाने थकलेल्या अंगाने जड वजन उचलण्यात शौर्य नाही. जे दिवसभर ऊसतोडीला मोळ्या वाहतात, खोदकाम करतात, त्यांच्या अंगाला आणखी कष्टांची गरज नाही. त्यांना पोटभर प्रथिनयुक्त अन्न, झोप आणि ओझे उचलण्याची योग्य रीत हवी आहे. हा भेद न करता सर्वांना एकच व्यायाम सांगणे मला अन्यायाचे वाटते.

स्त्रियांविषयी लिहिल्यावाचून हे पत्र अपुरे राहील. वजन उचलल्याने बाईचे शरीर पुरुषी होते हा समज अजून घट्ट आहे. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांच्या मानाने फारच कमी असल्यामुळे तसे होत नाही. ४९ किलो वजनी गटात टोकियो ऑलिंपिकचे रौप्यपदक जिंकताना मीराबाई चानू यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक, डोक्यावर नेले, तरी त्यांची देहयष्टी कोणाच्याही घरातल्या लेकीसारखी आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात आणि त्यांना घट्ट ठेवण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांच्यावर बेताने भार देणे. माझ्या पत्नीने एकसष्टाव्या वर्षी घरातच सुरुवात केली. जिममध्ये जायला तिला संकोच वाटत होता, म्हणून आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, मग हातात दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, आणि आता दहा किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून बैठका. गुडघेदुखीसाठी ती ज्या डॉक्टरांकडे जात होती त्यांनीच तिला हे चालू ठेवायला सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबर दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सर्व प्रौढांना सांगितला आहे; त्यात पासष्टीच्या पुढचेही आले. चालण्याचा सल्ला घरोघर पोचला, दुसरा अर्धा भाग मात्र अजून पोचलेला नाही.

शेवटी काही विनंत्या आहेत. गावोगावी मंदिरापुढे आणि बागेत खुल्या व्यायामशाळेची हिरवी-पिवळी यंत्रे बसली आहेत. सांधे मोकळे करायला ती चांगली आहेत, पण त्यांवर वजन वाढवण्याची सोय नसते, त्यामुळे ताकद एका मर्यादेपुढे वाढत नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या व्यायामशाळा अनुदानातून उभ्या राहिलेल्या कित्येक खोल्यांना मात्र कुलूप आहे, आत बार गंजत आहेत. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी त्या किल्ल्या बाहेर काढून सकाळ-संध्याकाळ दोन तास त्या खोल्या उघडाव्यात. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त क्रीडाशिक्षक, कुस्तीतले जुने मल्ल प्रत्येक तालुक्यात आहेत आणि विचारले तर ते नाही म्हणणार नाहीत. जिमचालकांनी नाव नोंदवतानाच वय, आजार, जुनी दुखापत विचारणारा एक अर्ज भरून घ्यावा आणि पहिले दोन आठवडे नव्या माणसाला प्लेट लावू देऊ नये. आणि आपल्या दैनिकाने भरतीच्या काळात धावण्याच्या वेळापत्रकाबरोबर अस्थिरोगतज्ज्ञ व अनुभवी प्रशिक्षक यांचे आठवड्यातून एक छोटे सदर चालवावे. ओझे उचलण्याची रीत आणि काठीचा सराव यांवर आकृत्यांसह लिहून देण्याची माझी तयारी आहे. ज्या विद्यार्थ्याविषयी मी सुरुवातीला लिहिले तो आता बरा होत आला असून मागच्या सोमवारपासून माझ्याकडे येतो. सध्या तो रोज वीस वेळा पाठीवर काठी धरून वाकतो आहे, आणि बारला अजून महिनाभर हात लावायचा नाही हे त्याने मान्य केले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड